भुयार गेमच्या प्रकल्प नोंदी, पोळा ते डिसेंबर

२६ ऑगस्ट २०२५

भुयारमधला शेवटचा बॉस, म्हणजे राखणदार, पडतो, पण त्याला पाडणारी टोळी एकच. बाकीच्या टोळ्या दारापाशी जाऊन परत येऊन राहिल्या अन् ग्रुपवर रोज तेच भांडण, कोणी म्हणतं बॉस हलका करा, कोणी म्हणतं ज्याला जमत नाही त्यानं खेळूच नये. पोळा झाला, डवरणी आटोपली, पोट्टे रिकामे आहेत म्हणून भांडायला वेळही भरपूर. आज दुकानात फॉर्म भरायला कोणी फारसं आलं नाही तर लॉग, म्हणजे गेममध्ये कोणी कधी काय केलं त्याची नोंद, उघडून बसलो.

दोन महिन्यांनी मलाच काही आठवणार नाही म्हणून आधी लिहून ठेवतो की हे आहे काय. भुयार म्हणजे टेलिग्रामवर चालणारा मराठी गेम, चित्रं नाहीत, सगळं मजकुरात, खाली बटणं येतात ती दाबायची. पायथन भाषा, एसक्यूलाइट डेटाबेस, अन् भाड्यानं घेतलेला सगळ्यात स्वस्त सर्व्हर. चित्रं नसल्यामुळे वावरात एकच कांडी रेंज असली तरी चालतो, हेच त्याचं भांडवल. तीस पायऱ्या उतरल्या की खालचा महाल, तिथं सहा जणांच्या टोळीनं राखणदाराशी लढायचं, तो पडला की मोहर मिळते अन् मोहरेची तलवार बनते. त्यापुढं सध्या काही नाही.

आता गणित. राखणदाराचा जीव ६०,०००. बिनतलवारीचा गडी एका फेरीत १०० चा घाव घालतो, सहा जणांचे ६००, म्हणजे १०० फेऱ्या लागणार, पण ९० फेऱ्या झाल्या की राखणदार पिसाळतो अन् सगळ्यांना एका फटक्यात झोपवतो. म्हणून काढा प्यावा लागतो. काढ्यानं घाव ११५ होतो, सहा जणांचे ६९०, ८७ फेऱ्यांत काम होतं. तलवार हातात आली की घाव १२५, सहा जणांचे ७५०, ८० फेऱ्या, काढ्याची गरजच नाही. अन् काढ्याची जडीबुटी गोळा करण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, लढाईपेक्षाही जास्त.

म्हणजे ज्यांच्याकडे वेळ भरपूर होता त्यांना आता वेळ कमी लागतो, अन् ज्यांच्याकडे अर्धाच तास आहे त्यांनी तो अर्धा तास पाला-मुळ्या शोधण्यात घालवायचा. कॅज्युअल विरुद्ध डेडिकेटेड असं सगळे बोलून राहिले पण लॉगमध्ये मला तरी भांडण इथं दिसतं, शेवटचं बक्षीस मोठं की लहान याच्यात नाही, ते बक्षीस पुढच्या वेळी कशाच्या कामी येतं याच्यात.

२९ ऑगस्ट

यादी काढली. वरच्या टोळीतले चौघं जागलीवाले आहेत, रानडुकरं पिकात घुसतात म्हणून रात्र मचाणावर काढतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईल, मग दुसरं करायचं काय. पाचवा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, सहावा माझाच मामेभाऊ. दुसऱ्या बाजूला आशाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे सर, किराणावाला, गोंदियाकडचे दोघं, वरुडचा एक संत्रावाला, अन् एक काकू ज्या जेवणं झाल्यावर पोराच्या मोबाईलवर अर्धा तास खेळतात. खरं सांगायचं तर काकू जागलीवाल्यांपेक्षा डोक्यानं खेळतात, कोणता घाव कधी अन् ढाल कधी हे त्यांना बरोबर कळतं. तरी एकही टोळी त्यांना घेत नाही. काहून? तर घ्यायच्या आधी एकच प्रश्न, तलवार आहे का. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाईन गेममध्ये रॅथ ऑफ द लिच किंग या विस्ताराच्या काळात गिअरस्कोर नावाचं अ‍ॅडऑन होतं, अंगावरच्या सामानाचा एकच आकडा करून दाखवायचं अन् लोक तो आकडा पाहूनच माणसाला आत घ्यायचे, त्याला खेळता येतं का नाही हे कोणी विचारत नव्हतं. आमच्याकडं आकड्याचीही गरज पडली नाही.

संध्याकाळी मामेभाऊ दुकानात येऊन बसला. म्हणे, "दादा, आमी रात रात जागून तलवारी केल्या, अन् तू आता त्या सगळ्यायले वाटशील तं मंग आमी काहून घासलं?" मी म्हटलं वाटून नाही राहिलो, पाहून राहिलो. तर म्हणे, "बीजीएमआयमंदी कॉन्करर पयल्या ५०० जणायलेच भेटते, तिथं कोणी रडते का?"

मुद्दा चांगला आहे म्हणून इथं लिहून ठेवतो, पण तो त्याच्याच विरोधात जातो. बीजीएमआय म्हणजे मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम, त्यातल्या कॉन्करर या सगळ्यात वरच्या रँकचा शिक्का नावापुढं दिसतो, मिरवता येतो, पण त्यानं गोळी जास्त जोरात लागत नाही. विमानातून उडी मारली की कॉन्करर असो का ब्रॉन्झ, दोघंही खाली रिकाम्या हातानंच उतरतात. तिथं बक्षीस म्हणजे मान. भुयारमध्ये बक्षीस म्हणजे ताकद, अन् ताकद असली की पुढचं बक्षीस सोपं.

अन् सरांनी ग्रुपवर जे टाकलं ते कोणी वाचलंच नाही भांडणाच्या नादात. त्यांनी लिहिलं होतं, मला तलवार नकोच आहे, खालच्या महालाच्या भिंतीवर काय लिहिलंय तेवढं वाचायचं आहे.

७ सप्टेंबर

सरांच्या त्या एका ओळीवर आठवडाभर डोकं चालवलं.

वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा मोठ्या रेडला, म्हणजे टोळीनं बॉस पाडायच्या मोहिमेला, ४० माणसं लागायची. चाळीस माणसं एका वेळी ऑनलाईन आणणं म्हणजे काय हे ज्यानं गावात चाळीस माणसांची एक बैठक लावली असेल त्यालाच कळेल. जून २००६ मध्ये नॅक्सरमस आला, त्या काळातला सगळ्यात अवघड रेड, बनवायला किती मेहनत गेली असेल अन् तो आतून पाहिला फार थोड्या लोकांनी. मग २००८ मध्ये तोच रेड १० अन् २५ जणांसाठी सोपा करून परत आणला. नोव्हेंबर २०११ मध्ये ४.३ पॅचबरोबर, म्हणजे अपडेटबरोबर, रेड फाइंडर आला, म्हणजे बटण दाबा, अनोळखी लोकांची टोळी आपोआप बनते, बॉस हलका, सामानही हलकं, पण कथा पूर्ण पाहायला मिळते. त्यावरून जुने लोक आजही भांडतात, एकाला वाटतं दार उघडलं, दुसऱ्याला वाटतं घराची किंमत गेली.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे की दार अन् बक्षीस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सर दार मागून राहिले, मामेभाऊ बक्षिसावर अडून बसला, अन् मी दोघांना एकच कुलूप लावून ठेवलं आहे.

तर आता राखणदार दोन. साध्या राखणदाराचा जीव ४८,०००, बिनतलवारीची टोळी ८० फेऱ्यांत पाडू शकते, काढा नको, पण खेळावं लागेल, झोपून नाही पडणार. मजकूर तोच, भिंतीवरचं लिखाण तेच, एक अक्षर कमी नाही. त्यातून मोहर नाही, शिक्के मिळतील, एका विजयाला २५, आठवड्याला जास्तीत जास्त १००, अन् ४०० शिक्क्यांना तीच तलवार. कडक राखणदार आहे तसाच ६०,००० चा, त्याची मोहर आता आठवड्यातून एकदाच. आठवडा बाजाराच्या दिवशी रात्री दहाला बदलेल, कारण मजुरीचा चुकारा त्याच दिवशी होतो अन् आमच्याकडं आठवडा तिथूनच मोजतात, सोमवार-रविवार फक्त शाळेत.

१० सप्टेंबर

चढवलं. मामेभाऊ बोलून नाही राहिला.

२१ सप्टेंबर

साधा राखणदार पहिल्या आठवड्यातच बहुतेकांनी पाडला. सरांनी भिंतीवरचं लिखाण वाचलं अन् अर्ध्या तासात मला शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पाठवल्या, अनुस्वार कुठं पाहिजे, ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं, वर 'बाकी कथा छान'. दुरुस्त्या टाकल्या.

आशाताईंच्या टोळीत कोणालाच तलवारीची घाई नाही, त्या शिक्के जमवतात अन् विसरून जातात. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटायचं की प्रत्येकाला शेवटपर्यंत पोचायचंच असतं अन् वेळ नाही म्हणून पोचत नाही. काही लोकांना पोचायचंच नसतं, त्यांना रोज थोडं चालायचं असतं अन् सोबत गप्पा मारायच्या असतात.

दुसरी भानगड. वरच्या टोळीतलं एक खातं झोपतच नाही. रात्री दोनला चालू, दुपारी दोनला चालू, पहाटे चारला जडीबुटी. विचारलं तर चुलतभाऊ तिघं मिळून एकच खातं चालवून राहिले, एक जागलीवर, एक दुपारी, एक सकाळी ढोरं सोडल्यावर. मी काही हाकलून दिलं नाही, डोकं लावलं त्यांनी. पण हे जुनं दुखणं आहे. वॉरक्राफ्टमध्ये २००५ साली ऑनर सिस्टीम आली होती, १४ रँक, अन् रँक ठरायची त्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा तुम्ही किती जास्त केलं त्यावर, थांबलात की खाली. मग वरच्या रँकसाठी लोक खातं मित्रांना वाटून द्यायचे, पाळीपाळीनं, खातं दिवसरात्र चालूच. २००६ च्या शेवटी ती पद्धत काढून टाकली. ज्या बक्षिसाला वरून झाकणच नाही तिथं माणूस आपली झोप देतो, अन् झोप संपली की भावाची झोप देतो. आता शिक्क्याला आठवड्याचं झाकण आहे, मोहर एकदाच आहे, म्हणून तीन भाऊ लावून फायदा नाही. त्यातल्या दोघांनी काल वेगळी खाती काढली.

५ ऑक्टोबर

दसरा झाला अन् वरची टोळी गायब.

सोयाबीन सोंगणीला आलं. दिवसभर सोंगणी, मग गंज्या लावा, थ्रेशरचा नंबर लागला की रात्री-अपरात्रीही काढणी, अन् आभाळ आलं की ताडपत्री घेऊन पळा. जागलीवालेही नाहीत, ज्या वावरातलं पीकच उचललं तिथं राखायचं काय. कडक राखणदाराला या आठवड्यात कोणी हातच लावला नाही. बीएस्सीवाला एकटाच रोज येऊन 'कोणी आहे का' विचारतो अन् जातो.

अन् गंमत अशी की गोंदियाकडचे दोघं, ज्यांना वरची टोळी टाईमपासवाले म्हणायची, ते सध्या सगळ्यात जास्त खेळून राहिले, कारण त्यांचा धान अजून कापायला आला नाही. वरुडवाला मात्र कमी झाला, त्याच्या आंबिया बहाराच्या संत्र्याला व्यापारी येऊन राहिले.

लॉगचा महिन्यानुसार तक्ता काढून पाहिला अन् त्यात मला माणसांचे दोन गट दिसत नाहीत. पिकं दिसतात. ऑगस्टमधला डेडिकेटेड ऑक्टोबरमध्ये कॅज्युअल आहे अन् त्याला स्वतःलाच ते पटत नाही, काल बांधावरून मेसेज, "दादा माझी जागा कोणाले देऊ नोको, मी सोयाबीन काढून येतो." परदेशी गेमांवरच्या चर्चा वाचतो तिथं हार्डकोर अन् कॅज्युअल या जणू दोन जाती असल्यासारखं लिहितात. तिथंही पोरं-बाळं झाली, नोकरी बदलली की माणूस इकडून तिकडं जातच असेल, पण आमच्याकडं ते दरवर्षी, ठरल्या वेळी, अख्ख्या गावाचं एकदम होतं.

म्हणजे प्रश्न बदलला. दोन गटांत बक्षीस कसं वाटायचं हे नाही सोडवायचं. एकच माणूस दोन महिने नसेल तर परत आल्यावर त्याला काय मिळायला पाहिजे, हे सोडवायचं आहे.

१२ ऑक्टोबर

तीन गोष्टी पाहिल्या.

फायनल फॅन्टसी १४ या ऑनलाईन गेममध्ये वरचं सामान घ्यायच्या टोमस्टोन नावाच्या चलनाला आठवड्याला ४५० ची मर्यादा असते. त्याचे निर्माते नाओकी योशिदा यांनी उघड सांगितलेलं आहे की खेळायला काही उरलं नसेल तर थांबा, दुसरे गेम खेळा, नवीन पॅच आला की परत या. दर महिन्याला पैसे घेणाऱ्या गेमचा माणूस हे बोलतो म्हणजे कमालच. पण ज्या आठवड्यात आलात नाहीत त्या आठवड्याचे ४५० गेले ते गेले.

ईव्ह ऑनलाईन, २००३ चा गेम. त्यात कौशल्य घड्याळावर शिकतं, तुम्ही ऑनलाईन असा नसा, रांगेत लावून दिलं की शिकत राहतं. अनुभवाचा आकडा रात्र जागून वाढत नाही.

अन् वॉरक्राफ्टचा आराम. बीटाच्या, म्हणजे चाचणीच्या, वेळी असं होतं की जास्त वेळ खेळलं की अनुभव अर्धा मिळायचा, लोक चिडले, आम्हाला शिक्षा काहून. मग तेच उलटं करून मांडलं, आराम करून आलेल्याला दुप्पट अन् बाकीच्याला नेहमीचं. गणित जवळपास तेच राहिलं, राग गेला.

तर भुयारमध्ये: शिक्क्यांचा न वापरलेला कोटा साचणार, आठ आठवड्यांपर्यंत. म्हणजे दोन महिने सोंगणी-वेचणीत गेले तर परत आल्यावर ८०० शिक्क्यांची मुभा, पण शिक्के फुकट नाहीत, राखणदार पाडावाच लागेल, फक्त झाकण वर सरकलेलं असेल. आठ काहून तर इकडं एका पिकाची घाई त्याहून जास्त चालत नाही. अन् 'विसावा' नावाची गोष्ट, दोन दिवस आला नाही की पुढच्या काही लढायांत जडीबुटी दुप्पट. नाव आशाताईंनी सुचवलं. मी 'बोनस' ठेवणार होतो.

२६ ऑक्टोबर

दिवाळी. दुकान बंद, पण बहिणीची पोरं घरी, काम कमी. पायऱ्यांची चढण थोडी सपाट केली. आधी शेवटच्या चार पायऱ्यांना सुरुवातीच्या सव्वीसपेक्षा जास्त अनुभव लागायचा. ही जुनी खोड आहे, रूनस्केप नावाच्या गेममध्ये ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ अनुभव लागतो अन् ९२ व्या लेव्हलला ६५,१७,२५३, म्हणजे ९२ ला पोचलेला माणूस जवळजवळ अर्ध्या रस्त्यात असतो. तिथं लोकांना त्याची मजा वाटते, विनोद करतात त्यावर. आमच्या किराणावाल्याला नाही वाटली, तो सत्ताविसाव्या पायरीवर सोडून गेला होता.

९ नोव्हेंबर

सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करायची पूजा, झाली, वेचणी जोरात, दुकानात कपास किसान अ‍ॅपच्या नोंदणीची गर्दी. गेमला रात्री अकरानंतरच हात लागतो.

काकू नोंदणीला आल्या होत्या, गर्दी होती तर बसून राहिल्या अन् गेमचा विषय काढला. त्यांचं म्हणणं, शिक्के विजयावर देता ते बरोबर, तासावर दिले असते तर त्यांना कधीच पुरले नसते. म्हणे, "वेचणी किलोवर असते ना बापू, तसं. जो हात चालवते त्याले भेटते." मी म्हटलं मग झालं की. तर म्हणे, "नाही झालं. पयल्या वेच्याले किलोवर परवडते, झाडाले बोंडंच बोंडं. शेवटच्या वेच्याले दिवसभर वाकलं तरी झोळी भरत नाही, तवा बाया किलोवर येतच नाही, रोजी मांगते. तुया खालच्या महालात आता शेवटचा वेचा चालू हाय. ज्यायच्या तलवारी झाल्या ते साध्या राखणदाराकडं फिरकत नाही, मी रोज बसतो अन् सहा जण जमत नाही." (काकू 'बसतो'च म्हणतात, आमच्याकडं बाया असंच बोलतात.)

लॉगमध्ये पाहिलं तर अगदी तसंच. साध्या राखणदारासमोर टोळी जमायला सप्टेंबरमध्ये पाच-दहा मिनिटं लागायची, आता पाऊण तास बसून लोक निघून जातात. उशिरा आलेल्याला बक्षीस तेवढंच ठेवलं तरी ते मिळवण्याची किंमत वाढलेली असते, कारण सोबतीच उरत नाहीत. माझ्या गणितात वेळ होता, ताकद होती, सोबत कुठंच नव्हती.

उपाय फायनल फॅन्टसी १४ मध्ये तयार आहे. तिथं ड्यूटी रूलेटमधून, म्हणजे गेम स्वतःच कोणतीही लढाई निवडून देतो त्यातून, जुन्या लढाईत गेलं की रोजचं जास्तीचं बक्षीस मिळतं, अन् टोळीत कोणी ती लढाई पहिल्यांदा खेळत असेल तर सगळ्यांना वरून आणखी. मग नवख्याला पाहून जुने वैतागत नाहीत, उलट खुश होतात. हेच घेतो. टोळीत एकही बिनतलवारीचा असेल तर सगळ्यांना २५ ऐवजी ४०, अन् हे जास्तीचे १५ आठवड्याच्या कोट्यात मोजायचे नाहीत. तलवारवाल्यांना शिक्के कशाला पाहिजेत हा प्रश्न आहे, म्हणून शिक्क्यांवर वेश ठेवले. घोंगडी, फेटा, पितळी कडं, अन् एक कोल्ह्याचं कातडं ज्याला मामेभावानं ग्रुपवर आधीच नंबर लावला.

१३ नोव्हेंबर

ग्रुपवर आज पहिल्यांदा वाचलं, "कोणी बिनतलवारीचं आहे का, या ना."

१६ नोव्हेंबर

वरची टोळी हळूहळू परतून राहिली, हरभऱ्याला ओलित सुरू झालं अन् कृषी फीडरची लाईन या आठवड्यात रात्रीची आहे. मोटर चालू करून धुऱ्यावर बसायचं म्हणजे परत मोबाईल. पण ते खुश नाहीत. साचलेल्या कोट्याचा फायदा त्यांनाही झाला, हे मान्य करतात, तरी कुरकुर आहे, अन् ती मला खोटी वाटत नाही. चौघांपैकी मोठा म्हणाला, "दादा, तलवार आता सगळ्यायकडं हाय. फेटा बी सगळ्यायकडं. मंग मी कोण हाय?"

'पहिल्यांदा पाडणारे' म्हणून दारावर त्यांची नावं कोरली आहेत, तारखेसकट, ती कधी जाणार नाहीत. ते त्यांना पुरत नाही. गिल्ड वॉर्स २ या गेममध्ये लेजेंडरी शस्त्राचे आकडे खालच्या असेंडेड शस्त्राइतकेच असतात, फरक दिसण्यात अन् सोयीत, अन् लोक महिनोन् महिने त्याच्या मागं लागतात, म्हणजे ताकदीशिवाय मान देता येतो हे खरं. पण तिथं चित्रं आहेत, शस्त्र चमकतं, रस्त्यानं जाणारा थांबून पाहतो. मजकुराच्या गेममध्ये फेटा म्हणजे नावापुढं एक शब्द. चमकणार काय?

मग पार मुळाशी गेलो. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ अन् रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा गेम बनवला, भुयारसारखाच मजकुराचा, खरं तर भुयारच त्याच्यासारखा आहे. बार्टलनीच पुढं १९९६ मध्ये तो खेळाडूंच्या चार प्रकारांचा प्रसिद्ध लेख लिहिला, अचिव्हर (मिळवणारा), एक्सप्लोरर (धुंडाळणारा), सोशलायझर (गप्पा मारणारा), किलर (दुसऱ्या खेळाडूंना मारणारा), ज्यावरून लोक इंटरनेटवर स्वतःची परीक्षा घेत असतात. त्या हिशेबानं मामेभाऊ अचिव्हर, सर एक्सप्लोरर, आशाताई सोशलायझर, अन् किलर आमच्याकडं फक्त रानडुकरं. पण मला कामाची वाटली ती मडमधली शेवटची पायरी. गुण पुरे झाले की खेळाडू विझर्ड व्हायचा. त्याला आणखी मोठी तलवार नाही मिळायची, गेमवरच थोडी सत्ता मिळायची, तो खेळणाऱ्यांतून उठून चालवणाऱ्यांत जाऊन बसायचा. पहिल्यावहिल्या अशा गेममध्ये शेवटचं बक्षीस काम होतं, अन् पुढं कधीतरी ते सामान झालं.

हे कडक राखणदाराला जोडायचं. ज्या टोळीनं त्याला काढ्याशिवाय, तलवारीशिवाय पाडलं (होतं, तिसाव्या पायरीवरचे मंत्र नीट वापरले तर होतं, मी करून पाहिलं आहे, घाम फुटतो) त्या टोळीतल्या प्रत्येकाला भुयारात एक खोली लिहायचा हक्क. वर्णन त्याचं, कोडं त्याचं, खाली नाव त्याचं. मी फक्त तपासणार, अन् शुद्धलेखनाला सर आहेतच.

यात वेळेपेक्षा खेळता येणं जास्त लागतं, म्हणजे काकूंनाही रस्ता मोकळा आहे. अन् खोलीनं कोणाचा घाव वाढत नाही, बाकीच्यांना उलट खेळायला काहीतरी नवीन मिळतं. शिवाय सगळा मजकूर मी एकट्यानं किती दिवस लिहावा.

३० नोव्हेंबर

पहिल्या खोल्या चढल्या.

जागलीवाल्या मोठ्याची खोली: मचाण, अमावास्या, खाली काहीतरी खसखस करून राहिलं, बॅटरी मारायची का नाही एवढंच ठरवायचं. मारली तर डुक्कर पळतं पण दुसऱ्या बाजूनं कळप येतो. नाही मारली तर आवाजावरून ओळखायचं, डुक्कर आहे, रोही आहे, का शेजारच्या वावरातला माणूस. आवाजांची वर्णनं इतकी नेमकी आहेत की मी दहा वर्षं लिहिलं तरी जमणार नाहीत. सर तिथं तीन वेळा मेले अन् ग्रुपवर लिहिलं की ही भुयारातली सगळ्यात चांगली खोली. हा लहानपणी सरांच्याच वर्गात होता अन् मराठीत कसाबसा पास झाला होता, हे सरांनीच सांगितलं.

मामेभावाच्या खोलीत फक्त खजिना आहे, वर्णन दोन ओळी, कोडं नाही. परत पाठवली.

बीएस्सीवाल्यानं रसायनशास्त्राचं कोडं टाकलं, कोणाला सुटलं नाही, सोपं करायला सांगितलं तर म्हणतो हे आमच्या पहिल्या वर्षाला आहे.

१४ डिसेंबर

तूर शेंगांवर, कापसाचे वेचे सुरूच, गोंदियावाल्यांचा धान निघाला अन् ते मंडईच्या, म्हणजे तिकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांवरून जागून आले की पहाटे खेळतात. वरुडवाला परत आला, साचलेल्या कोट्यात एकाच आठवड्यात तलवार केली. त्यावर कोणी काही बोललं नाही. सप्टेंबरमध्ये याच गोष्टीवर तीन दिवस भांडण झालं असतं.

काकूंच्या टोळीनं काल काढ्याशिवाय, तलवारीशिवाय कडक राखणदार पाडला, ८९ व्या फेरीत. टोळीत आशाताई, सर, काकू, किराणावाला, गोंदियावाल्यांतला एक, अन् सहावा कमी पडला म्हणून बीएस्सीवाल्यानं आपली तलवार काढून ठेवली अन् आला. काकूंना खोली लिहायची आहे पण मोबाईलवर एवढं टाईप करायला त्रास होतो, त्या बोलून पाठवणार, पोरगा उतरवून देणार.

आता नवीन वाद. मोठ्याचं म्हणणं, ज्यानं खोली लिहिली त्यालाच ती बदलता यावी, अन् तो दोन महिने आला नाही तरी दुसऱ्यानं हात लावू नये. आशाताईंचं म्हणणं, खोलीत चूक निघाली अन् लिहिणारा वेचणीत असला तर खेळणाऱ्यांनी वाट पाहत बसायची का. दोघांचंही बरोबर आहे. सध्या असं केलं की चूक मी किंवा सर दुरुस्त करू, पण कोड्याला अन् वर्णनाला हात नाही, अन् लिहिणारा आला की त्याला आधी काय बदललं ते दिसेल, नको असेल तर तो एका बटणात परत आधीसारखं करेल. मोठ्याला हे पटलं नाही, म्हणे सरायनं माया डुकराचा आवाज शुद्ध केला तं? सरांनी लिहून दिलं की करणार नाही.

पुढची कामं: बदलांची नोंद ठेवायला डेटाबेसमध्ये वेगळं टेबल. काकूंचा आवाज आला की उतरवलेलं तपासणे. बीएस्सीवाल्याच्या कोड्याला एक इशारा. मामेभावाची दुसऱ्यांदा आलेली खोली वाचणे, या वेळी चार ओळी आहेत. कोल्ह्याचं कातडं अजून महागच ठेवायचं.